बाराच्या खेळाला बाळ

पहिली गोळी सुटली तेव्हा कुंदाने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती मांडीवरच्या बाळाच्या पापण्यांकडे बघत होती. पापण्या हलल्या नाहीत.

धुळ्याच्या त्या टॉकीजमध्ये मॅटिनीला इंग्रजी काउबॉय पिक्चर लागला होता. पोस्टरवर नुसत्या बंदुका, म्हणून तर तिने तो निवडला. घरी थाळी वाजवून झाली होती, दार आपटून झालं होतं. चार महिन्यांचं पोर दचकायला तयार नव्हतं. बालसंगोपनाच्या पुस्तकातलं कानांवरचं ते एक पान तिला आता पाठ झालं होतं. सासूबाईंना मात्र तिने एवढंच सांगितलं होतं, "चला आई, घोड्यांचा पिक्चर आहे."

सासूबाई सुंदरबाई पिक्चरमध्ये रंगल्या होत्या. पांढऱ्या दाढीचा फौजदार पडद्यावरून सरळ समोर बघू लागला, तसा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग दरोडेखोर पडायला लागले. पिक्चर काढणाऱ्याकडे माणसं थोडीच असावीत. एकजण घोड्यावरून पडला, टोपी बदलून परत आला आणि परत पडला.

"हाऊ तं मघाशीच मरना व्हता ना व?" सुंदरबाई म्हणाल्या.

आता दोन्हीकडून एकदमच गोळीबार सुरू झाला. लोखंडी खुर्च्या थरथरल्या. पुढच्या रांगांत शिट्ट्या सुटल्या. बाळाने अंगठा तोंडात घेतला आणि ते आणखीच गाढ झोपलं.

"आई," कुंदा त्यांच्याकडे वळली, "याला ऐकू येत नाही हो."

"येस त्याले. तू गप बस. देख, टोपीवाला पुन्हा मरी राह्यना."

तेवढ्यात पिक्चरचा आवाज गेला.

बंदुका धूर सोडत होत्या, घोडे टापा आपटत होते, पण सगळं मुकं. लोकांना शिव्या सुचायला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात टॉकीज इतकं शांत झालं, की डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली.

बाळाच्या पापण्या थरथरल्या. अंगठा सुटला. दोन्ही हात फेकून ते दचकलं आणि त्याने टाहो फोडला.

"देख!" सुंदरबाई म्हणाल्या. "जिनना धडधडमा जलमना तो. याले गप्प जागानीच भीती वाटस."

कापसाच्या जिनला लागूनच त्यांची खोली होती आणि दिवाळीपासून यंत्रं रात्रंदिवस चालू होती. बाळाने जन्मात पहिल्यांदाच शांतता ऐकली होती.

बॅटरीवाला डोअरकीपर धावत आला. "ओ ताई, पोराला बाहेर न्या!"

"नाही नेणार," कुंदा डोळे पुसत म्हणाली. "त्याच्यासाठीच तिकीट काढलंय."

पडद्यावर टोपीवाला छातीवर हात दाबून छपरावरून खाली निघाला. तोंड भलंमोठं उघडं, आणि आवाज काही नाही. नेमका तेव्हाच बाळाने दम घेतला आणि दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा टाहो फोडला.

पुढच्या रांगांत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"उना रे उना! आवाज आला!"