मुटका

"बोट नकोच. आईला पाण्याची भीती वाटते," झुरिकच्या सरोवराकाठी मी बायकोला समजावत होतो. आईनं नदीत पाऊल टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आईनं चष्मा नातीच्या हातात दिला, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पळत जाऊन काठावरच्या फळीवरून मुटका मारला. धप्प! आम्ही सगळे भिजलो.

मी घाबरून बूट काढेपर्यंत ती सपासप हात मारत मधल्या तराफ्यावर जाऊन बसलीसुद्धा. काठावरची अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती.

"आई, तुला भीती वाटते ना पाण्याची?" मी ओरडलो.

"मला कसली भीती! लग्नाआधी रोज विहिरीत पोहायचे मी. घाबरायच्या त्या माझ्या सासूबाई. पाण्याला नव्हे, लोकांना!"