समोरचं दार

निवृत्त विमान-कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यासाठी रेडिओ हॉलमध्ये शिरली आणि तिने आधी शिडीला शोधलं. शोधायला वेळ लागला नाही. बासष्टाव्या वर्षीही शिडी सगळ्यांच्या डोक्यावरून दिसत होती. विमानात वरच्या कप्प्यात आत सरकलेली बॅग काढायची झाली की सगळे तिलाच हाक मारायचे, तेव्हापासूनचं हे नाव. रेडिओचं नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. पण आज ती वाटेत वाक्यं जुळवत आली होती. सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट शिडीला सांगायची होती, आणि पुढच्या आठवड्यात शिडी कायमची लेकीकडे, परदेशी निघाली होती.

दारातच काटेवाले भेटले. चेक-इनच्या काउंटरवर जन्मभर लोकांच्या बॅगा तोलल्या, त्यामुळे माणूस दिसला की आधी वजनच दिसणार.

"नऊ किलो जास्त," ते रेडिओला म्हणाले. "पण जुनी ओळख आहे, सोडतो."

"स्वतःला कधी काट्यावर ठेवलंत का, काटेवाले?"

एका टेबलावर गेलेल्यांचे फोटो होते. मधला मामांचा. मामा म्हणजे केबिनचे प्रमुख. टायला सुरकुती चालायची नाही आणि प्रवाशाला 'नाही' म्हटलेलं चालायचं नाही. एकदा एका तान्ह्या बाळाला त्यांनी अख्ख्या प्रवासात खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. उतरताना बाळाच्या आईला जागं करावं लागलं. आठवणी निघाल्या तसे लोक टेबलाभोवती जमले आणि कोणीतरी म्हणालंच, "रेडिओ, मामांची नक्कल कर की."

तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "पोरींनो," आवाज हुबेहूब आला, "स्वतःचं दार आंधळासुद्धा बघतो. समोरचीचं दार..."

पुढे तिला बोलवेना. सगळ्यांना वाटलं, मामांची आठवण आली. काटेवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. रेडिओने शिडीचा हात धरला आणि तिला खिडकीपाशी नेलं.

"त्या दिवशी तुझं दार मी बघितलंच नव्हतं," ती एका दमात म्हणाली. "न बघताच अंगठा वर केला."

विमान थांबलं की समोरासमोरच्या दारांशी उभ्या असलेल्या दोघींनी आपापल्या दाराची कळ फिरवायची असते. ती राहिली आणि दार उघडलं, तर दाराला जोडलेली आणीबाणीची घसरगुंडी धाडकन फुगून बाहेर पडते. म्हणून पद्धत अशी: आपली कळ फिरवायची, मग समोरचीची बघायची, आणि मगच अंगठा वर. त्या दिवशी शिडीची कळ राहिली होती. घसरगुंडी बाहेर पडली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. शिडीला विमानातून काढून खालच्या ऑफिसात बसवलं, ते कायमचंच. रेडिओ पुढे एकोणीस वर्षं उडत राहिली.

"चौकशीत मी सांगितलं, की मी बघितलं होतं, कळ फिरवलेलीच वाटली. घाबरले होते गं. चुकलं माझं."

शिडी खिडकीबाहेर बघत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच मिनिटापासून. तू माझ्याकडे पाठ करून मामांची नक्कल करत होतीस. ती ऐकून हसता हसताच तर माझी कळ राहिली."

 

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, दोघी खाली आलो असतो. म्हणून काही मला मोठ्या मनाची वगैरे समजू नकोस. खाली ड्यूटीची यादी मीच करत होते. तीन वर्षं तुला पहाटेच्या फ्लाइट कोणी लावल्या, असं वाटतं तुला?"

"तू? अगं, मी जन्मभर मामांना शिव्या घातल्या त्यापायी."

"बिचारे मामा," शिडी म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रेडिओ रडायला लागली. शिडीने तिला रडू दिलं. मग हलकेच म्हणाली, "राग गेला गं केव्हाच. पण मला उडायचं होतं. अजून विमान गेलं की मान वर होते. ते काही भरून निघत नाही."

रेडिओने मान हलवली.

संध्याकाळी काटेवाल्यांनी दोघींना गाडीतून सोडायचं ठरवलं. त्या मागे बसल्या, एक या दाराशी, एक त्या. दोन्ही दारं ओढल्याचा आवाज झाला. शिडीने मामांसारखा चष्मा नाकावर ओढला आणि गंमत म्हणून अंगठा वर केला.

"निघू का?" काटेवाल्यांनी विचारलं.

"थांबा जरा," रेडिओ म्हणाली.

ती शिडीच्या अंगावरून वाकली. दाराच्या फटीत शिडीच्या ओढणीचं टोक अडकलं होतं आणि दार अर्धवटच लागलं होतं. रेडिओने दार उघडलं, टोक आत घेतलं, दार ओढून घेतलं, हाताने एकदा ढकलून पाहिलं. मग आपल्या जागेवर सरळ बसली आणि अंगठा वर केला.