शेवटची सोळा पानं

पुस्तक टपरीच्या खांबाला सुतळीनं टांगलेलं होतं. पुढचं कव्हर तेलकट झालेलं, मागचं नव्हतंच. चंदनबालानं भज्यांची ताटली बाजूला सारली आणि शेवटचं पान उघडलं. ‘अर्जुना फाट्यावर थांबली आणि तिनं’ एवढ्यावर वाक्य तुटलं होतं.

पुढची सोळा पानं गेली होती. ती मोजायची तिला गरज नव्हती. ही कादंबरी तिनंच लिहिली होती, बावीस वर्षांपूर्वी, सांगलीत शाळेवर असताना.

तिची भाची ब्राह्मी मागच्या आठवड्यात कामासाठी वडूजला गेली होती. वाटेत या टपरीवर चहाला थांबली आणि तिथूनच तिनं फोन केला. “मावशी, इथं लोक तुझ्या अर्जुनावरनं भांडतायत!” चंदनबालाला आधी खरंच वाटेना. पाचशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा रद्दीतच गेल्या असणार, असं ती धरून चालली होती. आपलं पुस्तक वाचून कुणी भांडतं म्हणजे काय, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. विट्याला एसटी बदलून ती आली होती. नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

भांडण चालूच होतं.

“नवऱ्याकडं माघारीच गेली आसणार,” टेम्पोवाला सिद्धू म्हणाला. “प्वार तिकडं ठिवून बाई कशी ऱ्हाईल?”

“प्वार आणाय गेली आसंल,” टपरी चालवणारी माया कढईवरून नजर न काढता म्हणाली. “ऱ्हायला न्हाई.”

“नवऱ्यानं पाय धरलं आसतील की.”

“मारताना सवताचा हात धराय येत नव्हता, आन् आता पाय धरतूय व्हय?”

बाकड्यावरची माणसं हसली. चंदनबाला मात्र चकित होऊन ऐकत होती. अर्जुना जणू पलीकडच्या वाडीत राहत होती आणि तिची खबर तेवढी यायची बाकी होती.

“पुस्तक मिळालं कुठं तुला?” तिनं मायाला विचारलं.

“भजी बांधाय रद्दी आणल्याली, त्यात हुतं. तीन वर्सं झाली. मी रोज आईला वाचून दावायची. शेवट आला, तर शेरडानं पानं खाल्ली.” मायानं झारा उजव्या हातात घेतला होता. डावा मनगटापाशी जरा वाकडा होता. “तुमी वाचलंय का वो, मावशी?”

“हो,” चंदनबाला बोलून गेली.

सिद्धूचं भजं हातातच राहिलं. माया वळून काही विचारणार, एवढ्यात कोपऱ्यात कांदा चिरत बसलेली तिची आई, बनाबाई, लगबगीनं उठली.

“आदी हात धुवून घ्या, बाई. त्याल लागलंय.”

तिनं चंदनबालाला जवळजवळ ओढतच टपरीमागं पिंपापाशी नेलं. तांब्यानं हातावर पाणी ओतत ती हळू आवाजात म्हणाली, “शेरडानं काय खाल्लं न्हाई. मीच चुलीत घातली पानं.”

“का हो?”

“माया तवा हात मोडून घिऊन माझ्याकडं आल्याली. जावई न्यायला यायचा. ही हां म्हणंना, न्हाई म्हणंना. निस्ती भिताडाकडं बघत बसायची. त्ये पुस्तक घावलं आन् जरा बोलाय लागली. अर्जुनानं आसं केलं, अर्जुना तसं म्हणली. मी चौथी शिकल्याली हाय. एक दिस दुपारी गपचिप म्होरलं वाचून काढलं. तर ती बया गेली की माघारी! त्याच्याच दारात!” बनाबाईनं तांब्या पिंपावर ठेवला. “लिवणारी शाणी आसंल. पर तिला माझी ल्येक ठावं न्हाई. तुमी सांगू नगा, बाई. हात जोडते.”

चंदनबाला ओले हात तसेच धरून उभी राहिली. त्या शेवटाचं फार कौतुक झालं होतं. किती समंजस, किती उदात्त, असं लोकांनी लिहून कळवलं होतं. खरी गोष्ट एवढीच होती, की तिला तेव्हा दुसरं काही सुचलंच नव्हतं. बावीस वर्षांत तो शेवट कुणी नाकारला नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा मायानं गॅस बंद करून ठेवला होता.

“सांगा की, मावशी. गेली का ती?”

“नाही,” चंदनबाला म्हणाली. तिचा आवाज वर्गात लागायचा तसा लागला. “गेली नाही. फाट्यावर गाडी आली, तीत बसली. कराडला उतरली. एका खानावळीत कामाला लागली. पुढं...” ती थांबली. वाक्यं आपोआप येत होती. “पुढं पोरालाही घेऊन आली. शाळेत घातलं त्याला.”

सिद्धूनं मांडीवर थाप मारली. “पुस्तकात आसलंच आसतंय!” बनाबाई तोंड फिरवून पदरानं डोळे टिपत होती.

विट्याकडं जाणारी एसटी आली. चंदनबालाची पिशवी उचलून माया तिला एसटीच्या दारापर्यंत सोडायला आली. पायरीवर पिशवी हातात देताना ती आईकडं एकवार बघून पुटपुटली, “बाई, वडूजच्या वाचनालयात हेच पुस्तक हाय. समदी पानं हायती. मागं तुमचा फोटू बी हाय.”

चंदनबालाचा पाय पायरीवरच राहिला. “कधी वाचलंस?”

“नवरा शेवटचा न्यायला आल्याला, त्याच्या आदल्या दिशी. आईला म्हाईत न्हाई, सांगू नगा.”

कंडक्टरनं घंटी मारली.

“अगं, मग?”

“मग काय, बाई,” माया हसली. “तुमची अर्जुना गेली. मी न्हाई गेले.”