तुमचं ऐकेल

व्यवस्थापकांनी मागच्या फाटकाने यायला सांगितलं होतं. म्हातारे उस्ताद मात्र पुढच्या मोठ्या दरवाज्याने ऐटीत आत शिरले. या जुन्या अश्वशाळेत घोडे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेला बाळ्या दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देत नाही, हे त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणजे आता आपल्यावाचून अडलंय, असं त्यांनी ताडलं. बूट तर असे चमकवले होते की मुलगी म्हणाली, "बाबा, घोड्याला भेटायला चाललाय की मुलगी बघायला?"

दालनात घोड्यांचे खेळ बघायला आलेल्या पाहुण्यांचे घोळके माना वर करून छताचे फोटो काढत होते. त्यांच्यातून वाट काढत उस्ताद मागच्या अंगणात पोचले आणि त्यांचं अवसानच गळालं.

बाळ्या ट्रकपुढे चारी पाय रोवून उभा होता. पांढराशुभ्र, थोराड, मागच्या एका पायाने अधू. दोर ओढणारे दोघे घामाघूम झाले होते.

"सकाळपासून फळीवर पाय ठेवत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "तुमचं ऐकेल."

"कुठे नेताय त्याला?"

"लंगडं जनावर खाटकाशिवाय कोण घेणार, उस्ताद?"

"मी घेतो की!"

"आणि बांधणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर?"

तेवढ्यात त्या दोघांनी पुन्हा दोर ताणला. बाळ्याच्या नाकातून रक्त आलं.

"सोडा! हात लावू नका त्याला!" उस्ताद ओरडले. त्यांनी दोर आपल्या हातात घेतला, ढिला सोडला आणि टाळ्याला जीभ लावून हलकेच आवाज केला. बाळ्याने कान टवकारले. इतका वेळ हटून बसलेलं ते धूड त्यांच्या मागोमाग मुकाट फळी चढून गेलं.

"कमाल केलीत!" दोरवाला म्हणाला. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळ्याच्या मानेवरून हात फिरवून ते खाली उतरले.

वळून पाहिलं तर बाळ्याने पुढचा पाय दुमडून मान झुकवली होती. खेळ संपला की अशी सलामी द्यायला त्यांनीच शिकवलं होतं. 'शाब्बास' ऐकल्याशिवाय तो पाय खाली ठेवत नसे.

उस्तादांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना.

ड्रायव्हरने दार लावलं. ट्रक हलला. फळ्यांच्या फटीतून तो दुमडलेला पाय अजून दिसत होता.