पाठीला माती

"उताणे झोपा, कंबर उचला आणि दहा मोजेपर्यंत तशीच धरा," फिजिओथेरपी करणारी मुलगी म्हणाली. कंबरदुखी घेऊन आलेले तालमीचे रंगराव वस्ताद गालात हसले. सहाला त्यांची कंबर धपकन खाली आली.

"दंड-मांड्या दगडासारख्या आहेत, काका. कंबरेच्या आतले स्नायू मात्र कधी राबलेच नाहीत."

दोन महिने वस्तादांनी घरी दार लावून कंबर उचलली. दुखणं गेलं. तालमीत मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

एका सकाळी त्यांचा लाडका पैलवान जोर मारताना कंबर धरून बसला.

"उताणा झोप," वस्ताद म्हणाले.

पैलवान हलेना. "पाठीला माती लागली म्हंजी हार, असं तुमीच शिकीवलंय की!"

एकदाही चीत न झालेले वस्ताद आखाड्याच्या मधोमध उताणे झाले, कंबर उचलली आणि म्हणाले, "मोज."