ड्यूकचा छाप

लढाईचा खर्च भागेना, तेव्हा आमच्या सॅक्सनीतल्या ड्यूकने चांदीच्या नाण्यांत तांबं मिसळायला सुरुवात केली. पाव दर आठवड्याला महागत गेला. नवं नाणं नाकारणाऱ्याला कैद होती, म्हणून विधवा वालबुर्गाने आपली एकुलती एक गाय त्याच नाण्यांच्या बदल्यात विकली. हिवाळ्यापर्यंत त्या पैशांत जेमतेम चार पाव येऊ लागले.

भर बाजारात वसुली अधिकाऱ्याने तिला करासाठी गाठलं. तिने तीच नाणी पुढे केली.

"ही नकोत," तो हळूच म्हणाला. "जुनी दे, चांदीची."

"यावर ड्यूकसाहेबांचाच छाप आहे की."

"असू दे. सरकार तांबं घेत नाही."

वालबुर्गा गर्दीकडे वळली.

"साहेब, हेच जरा मोठ्याने सांगा. मागे उभ्या पाववाल्याला ऐकू आलं नाही."