सहा विहिरींचं पाणी

सहावी बाटलीही अडतीसच दाखवत होती.

तिनं यंत्र बंद केलं, काचेची नळी धुतली, पुसली आणि पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली. अडतीस. अडतीस. फरक काय तो दशांशात. बाटल्यांवर सहा वेगवेगळ्या विहिरींच्या चिठ्ठ्या होत्या. दोन विहिरी टेकडीवर, एक गोठ्यांना खेटून, एक शेतांच्या मधोमध. सगळ्यांत नायट्रेट सारखंच? असं फक्त पाठ्यपुस्तकातल्या गणितात होतं.

"काका, या बाटल्या कुठून भरल्या?" तिनं दारातल्या ड्रायव्हरला विचारलं. नमुने आणायचं कामही त्याच्याकडेच होतं.

"चिठ्ठीवर लिहिलंय की."

"सगळ्या सारख्याच निघतायत."

"यंत्र तुझं, पोरी. माझ्याकडे फक्त चार चाकं." तो हसला आणि चहा प्यायला निघून गेला. बाटल्यांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिला या देशात येऊन नऊ दिवस झाले होते. पाणी तपासणी केंद्रात दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून राहायचं ठरलं होतं, पण पहिल्याच दिवशी प्रमुखबाई म्हणाल्या होत्या, "पंधरा दिवस बघू. मग ठरवू." निघताना बाबांनी विचारलं होतं, "फुकट पाणीच तपासायचं तर आपल्याकडचं संपलं का?" पंधराव्या दिवशी ती परत गेली असती तर त्यांना ते वाक्य जन्मभर पुरलं असतं.

खोली बरी होती. कपाटात आधीच्या स्वयंसेवकाचा रेनकोट अजून लटकत होता. तो का गेला, हे तिनं घरमालकिणीला विचारलं. "गेला," एवढं बोलून ती स्वच्छ टेबल पुन्हा पुसू लागली. ड्रायव्हर म्हणाला, "हवा मानवली नाही त्याला." प्रमुखबाई म्हणाल्या, "आपण कामाचं बोलू या." एका प्रश्नाला तीन उत्तरं, आणि एकही उत्तर नाही. शिवाय ती चहाच्या खोलीत शिरली की तिथलं बोलणं थांबायचं.

गुरुवारी नव्या सहा बाटल्या आल्या. पुन्हा अडतीस. तिनं माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण यंत्रात घालून पाहिलं. यंत्र चोख होतं.

संध्याकाळी तिनं ताईला फोन केला.

"हा माणूस विहिरीवर जातच नाही," ती म्हणाली. "एकाच नळावर बाटल्या भरतो आणि गाडी सावलीत लावून झोपतो. त्या विहिरींचं पाणी तान्ह्या मुलांच्या दुधात जातं गं."

"काका म्हणतेस आणि चोर समजतेस?"

"काका म्हणायला काय लागतं?"

"मग सांग ना त्या बाईंना."

"तो वीस वर्षांपासून आहे. मी अकरा दिवसांची."

"अगं, घर फिरलं की वासेही फिरतात. पुरावा असल्याशिवाय तोंड उघडू नकोस. आधी टिकून राहा."

शुक्रवारी तक्ता द्यायचा होता. सहा रकान्यांत सहा वेळा अडतीस लिहून तिनं तो क्षणभर बघितला. कोणीही म्हणालं असतं, हिला यंत्र हाताळता येत नाही. किंवा खुर्चीत बसून लिहिलं. तिनं तो कागद फाडला. गेल्या महिन्याचा तक्ता काढला. विहिरी काही महिन्याभरात बदलत नाहीत. त्या आकड्यांत कुठे दोन वाढवले, कुठे एक कमी केला. एकोणतीस, चव्वेचाळीस, तेहतीस, चाळीस, सव्वीस, एक्केचाळीस. आता तो तक्ता विहिरींचा वाटत होता. पुरावा मिळेपर्यंतच, तिनं स्वतःला बजावलं, आणि खाली सही केली.

पुरावा सोमवारी सकाळीच मिळाला. ती नेहमीपेक्षा तासभर लवकर आली, तर केंद्राच्या मागच्या नळावर ड्रायव्हर उकिडवा बसला होता. पुढ्यात सहा बाटल्या. चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या.

"काय करताय, काका?"

त्यानं नळ बंद केला. "विसळतोय."

"भरून?"

"चहा घेणार, पोरी?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ती चहा न घेता थेट प्रमुखबाईंच्या खोलीत गेली. बसलीसुद्धा नाही.

"मॅडम, मला चहाडी करायची सवय नाही. पण तुमचा ड्रायव्हर विहिरींवर जात नाही. मागच्या नळावर बाटल्या भरतो. मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "नक्की?"

"नुसतं पाहिलं नाही, मोजलंय. गेल्या आठवड्यातल्या बारा बाटल्या, प्रत्येक तीन वेळा. सगळ्यांत अडतीस. सहा विहिरींचं पाणी असतं तर असं झालंच नसतं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "यंत्रावर हात चांगला आहे तुमचा."

तिला एकदम हलकं वाटलं. ती खुर्चीत बसली.

"त्याला मीच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आधीचा मुलगा गेल्यापासून हे सुरू केलंय. नवीन माणसाला पहिले पंधरा दिवस आम्ही एकाच नळाचं पाणी देतो. विहिरींचं पाणी तोवर मी स्वतः तपासते. बिचाऱ्याला खोटं बोलायला जमत नाही, रोज माझ्याशी भांडतो."

त्यांनी खणातून शुक्रवारचा तक्ता काढला, तिच्याकडे वळवला आणि सहीवर बोट ठेवलं.

"यात अडतीस कुठे आहे, तेवढं दाखवा."